रक्ताचा वारसा की घराचा? : फ्रान्सिस गाल्टन यांच्या एका ग्रंथाविषयी

'खाण तशी माती' ही म्हण आपल्या घरांतून सहजपणे वापरली जाते. गुणी मुलाकडे पाहून ती कौतुकाने म्हटली जाते आणि वाया गेलेल्या मुलाकडे पाहून तितक्याच सहजपणे, परंतु हेटाळणीने. म्हण म्हणजे सिद्धान्त नव्हे. ती म्हणणाऱ्याला तिचे अपवादही ठाऊक असतात. मात्र हीच म्हण कोष्टके आणि वंशावळी यांच्या साहाय्याने सिद्ध झाली आहे असे कुणी सांगू लागले, आणि त्या आधारावर कुणी संततीला जन्म द्यावा व कुणी देऊ नये हे ठरवू लागले, म्हणजे तिच्याकडे नुसती म्हण म्हणून पाहता येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांचा 'हेरेडिटरी जीनियस' हा १८६९ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ हा या वाटेवरील पहिला मोठा टप्पा होय. 'आनुवंशिक प्रतिभा' असे त्याच्या नावाचे मराठी रूपांतर करता येईल.

या ग्रंथाचे नाव आज निषेधापुरते घेतले जाते. तो वाचणारे थोडे. न वाचलेल्या ग्रंथाचा निषेध करणे सोपे असते, परंतु त्यातून आपण काही शिकत नाही. म्हणून आम्ही तो ग्रंथ म्हणूनच वाचण्याचे ठरविले : त्याचे प्रतिपादन काय, पुरावा कोणता, आणि पुराव्यातून निष्कर्षाकडे जाणारी वाट कितपत पक्की आहे? आमचे मत आरंभीच सांगतो. गाल्टन यांनी एक अत्यंत योग्य प्रश्न स्वतःला विचारला होता. माणसाला घरातून जे मिळते आणि रक्तातून जे मिळते, ते वेगळे कसे ओळखायचे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्याची संधीही त्यांच्या हाती आली होती. नेमक्या त्याच जागी त्यांनी घाई केली, आणि त्या घाईची किंमत पुढे लाखो माणसांनी मोजली.

प्रथम ग्रंथकाराविषयी. गाल्टन यांचा जन्म १८२२ साली बर्मिंगहॅमजवळ झाला. घराणे क्वेकर पंथीयांचे. बंदुकांचा कारखाना आणि पुढे बँक यांमुळे सधन झालेले. मातेकडून ते इरॅस्मस डार्विन यांचे नातू आणि म्हणून चार्ल्स डार्विन यांचे आप्त होते. केंब्रिज येथे गणित शिकत असताना प्रकृती ढासळली आणि विशेष गुणवत्तेच्या यादीत न येताच त्यांना पदवी घ्यावी लागली. १८४४ साली वडील निवर्तले व मोठी संपत्ती हाती आली. त्यानंतर उदरनिर्वाहासाठी काही करण्याची आवश्यकता त्यांना उरली नाही. आफ्रिकेतील प्रवास, हवामानाचे नकाशे, बोटांचे ठसे, संख्याशास्त्र अशा अनेक विषयांत त्यांनी खरोखर मोलाचे काम केले. माणूस जिज्ञासू होता, कष्टाळू होता. मोजण्याची त्यांना अनावर आवड होती. १८६५ साली 'मॅकमिलन्स मॅगझिन' या नियतकालिकात त्यांनी आनुवंशिक बुद्धिमत्तेवर लेख लिहिला. तोच विचार चार वर्षांनी ग्रंथरूपाने विस्तारला.

ग्रंथाची मांडणी सरळ आहे. प्रथम गाल्टन 'नामवंत' कुणाला म्हणावे हे ठरवितात : दर दहा लाख पुरुषांत सुमारे २५० जणांनाच लाभते अशी प्रतिष्ठा ज्याला लाभली तो नामवंत, म्हणजे चार हजारांत एक. मग ते इंग्लंडमधील न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, साहित्यिक, शास्त्रज्ञ, कवी, संगीतकार, चित्रकार, धर्मोपदेशक इतकेच नव्हे, तर होड्या वल्हविणारे आणि उत्तरेकडील कुस्तीगीर यांच्याही वंशावळी तपासतात. सुमारे तीनशे कुटुंबे आणि त्यांतील हजाराच्या आसपास नामवंत पुरुष त्यांनी गोळा केले. त्यांना असे आढळले, की नामवंतांच्या आप्तांत नामवंतांचे प्रमाण चार हजारांत एक यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. शंभर कुटुंबांमागे नामवंत पिते ३१, भाऊ ४१ आणि मुलगे ४८. नाते जसजसे दूरचे, तसतसे हे आकडे उतरत जातात. यावरून निष्कर्ष असा, की बुद्धी आणि कर्तृत्व उंचीप्रमाणे किंवा चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे रक्तातून येतात. आणि म्हणून जनावरांची पैदास जशी सुधारता येते, तशी योग्य विवाहांच्या द्वारे माणसांचीही सुधारता येईल.

ग्रंथाचे गुण मान्य केले पाहिजेत. भाषा स्वच्छ आहे, लेखकाचा उत्साह वाचकाला धरून ठेवतो. माणसाच्या गुणांविषयी बोलताना मोजदाद केली पाहिजे, ही दृष्टी त्या काळी नवी होती. ग्रंथ वाचून खुद्द डार्विन यांनी आपले मत काहीसे बदलल्याचे पत्राने कळविले. तोवर माणसामाणसांत बुद्धीचा फारसा फरक नसतो, फरक असतो तो चिकाटीचा आणि कष्टांचा, असे ते मानीत असत. डार्विन यांच्यासारख्याचे मत हलविणारे लेखन दुबळे म्हणता येणार नाही. म्हणूनच त्याची परीक्षा काळजीपूर्वक व्हायला हवी.

पहिली शंका येते ती मापाविषयी. गाल्टन यांनी कुणाचीही बुद्धी मोजलेली नाही. मोजली आहे ती कीर्ती. कीर्ती हे बुद्धीचे विश्वसनीय माप आहे, खरी प्रतिभा कोणत्याही अडचणीतून वर येतेच, अशी त्यांची धारणा आहे. ही धारणा सिद्ध केलेली नाही. गृहीत धरली आहे. आणि ती किती कच्ची आहे हे पाहण्यासाठी त्यांनी सर्वप्रथम घेतलेला वर्ग, म्हणजे १६६० ते १८६५ या काळातील इंग्लंडचे न्यायाधीश, पुरेसा आहे.

आपल्या वाचकांना यातील एक गोष्ट विशेष जाणवावी. १६७३ च्या 'टेस्ट अ‍ॅक्ट' नुसार सरकारी अधिकारपद हवे असलेल्या व्यक्तीला अँग्लिकन पद्धतीने संस्कार घ्यावा लागे. साहजिकच कॅथलिकांना ही दारे बंद झाली. वकिलीचा व्यवसाय त्यांच्यासाठी खुला झाला १७९१ साली. पार्लमेंट आणि बहुतेक अधिकारपदे खुली झाली १८२९ साली. म्हणजे गाल्टन यांनी निवडलेल्या दोन शतकांपैकी बहुतांश काळ, दुसरे जेम्स यांची अल्पशी कारकीर्द वगळता, इंग्लंडमधील कॅथलिक घरात जन्मलेला मुलगा कितीही बुद्धिमान असला तरी न्यायाधीश होऊ शकत नव्हता. त्याचे नाव यादीत नसणे हे त्याच्या रक्ताविषयी काहीच सांगत नाही. सांगते ते कायद्याविषयी. ज्यू आणि अन्य पंथीयांवरही नाना निर्बंध होते. गरिबांची तर गोष्टच वेगळी : सर्व मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करणारा कायदा इंग्लंडमध्ये १८७० साली झाला, म्हणजे हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर एक वर्षाने. स्त्रियांना या ग्रंथात नामवंत म्हणून फारच थोडे स्थान आहे, आणि केंब्रिजने त्यांना पूर्ण पदवी देऊ केली ती १९४८ साली. ज्या शर्यतीत बहुतेकांना मैदानाबाहेरच उभे केले आहे, तिचे निकाल पाहून कुणाचे पाय चांगले हे ठरविण्याचा हा प्रकार आहे.

गाल्टन यांना ही शंका सुचली नव्हती असे मात्र नाही. नामवंतांच्या मुलांना शिक्षण, ओळखी, वशिला हे सारे मिळते. मग त्यांच्या यशाचे श्रेय रक्ताला कसे द्यायचे, असा आक्षेप येईल हे त्यांना दिसत होते. त्याचे निराकरण करण्यासाठी त्यांनी एक तुलना योजली. आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील हे सर्वांत महत्त्वाचे स्थळ आहे. पोप आणि ख्रिस्तसभेतील अन्य उच्चाधिकारी ब्रह्मचारी. त्यांना औरस संतती नाही. परंतु पूर्वीच्या शतकांत त्यांच्यापैकी अनेक जण आपल्या पुतण्या-भाच्यांना जवळ करून मुलाप्रमाणे वाढवीत, पदे देत. म्हणजे या मुलांना वशिला मिळाला मुलाचा, पण रक्त मुलाचे नव्हे. यश जर वशिल्याने मिळत असेल, तर हे पुतणे-भाचे नामवंतांच्या मुलांइतकेच नामवंत व्हायला हवेत. तसे झाले का? गाल्टन यांचे उत्तर ठाम नकाराचे आहे.

कल्पना सुरेख आहे, यात संशय नाही. परंतु येथे वाचकाने थांबावे. एकेका न्यायाधीशाच्या चुलत्या-मामांची नोंद सांकेतिक अक्षरांनी करणारे गाल्टन येथे एकही यादी देत नाहीत, एकही आकडा देत नाहीत. इटालियन घराण्यांच्या नात्यागोत्यांचा आपण विशेष काळजीपूर्वक अभ्यास केलेला नाही, असेही ते सांगून टाकतात. आणि लगेच, जे पाहिले तेवढे पुरेसे आहे, असे म्हणून पुढे जातात. ज्या एका खांबावर सर्व घराचा भार यायचा, तोच नेमका न तपासता उभा केला आहे.

तपासला असता तर काय आढळले असते? कॅलिक्स्टस तिसरे यांचा भाचा पुढे अलेक्झांडर सहावे या नावाने पोप झाला. पायस दुसरे यांचा भाचा पायस तिसरे झाला. सिक्स्टस चौथे यांचा पुतण्या म्हणजे मायकेलअँजेलोकडून सिस्टाइन प्रार्थनागृहाचे छत रंगवून घेणारे ज्युलियस दुसरे. पायस चौथे यांनी आपल्या एकवीस वर्षांच्या भाच्याला १५६० साली कार्डिनल केले. तेच मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ. ही नावे आम्ही अभिमानाने सांगत नाही. नातेवाइकांना पदे वाटण्याची ती रीत ख्रिस्तसभेच्या इतिहासातील दोषच होता, आणि १६९२ साली इनोसंट बारावे यांनी तिला कायद्याने आळा घातला. मुद्दा एवढाच, की वशिल्याने माणूस किती उंच जाऊ शकतो याची उदाहरणे येथे भरपूर होती. यावर गाल्टन म्हणू शकले असते, की पुतण्या-भाच्यांतही काही रक्त आलेच. खरेच आहे; त्यांच्या स्वतःच्या कोष्टकांत पुतणे-भाचे रक्ताचे आप्त म्हणूनच मोजले आहेत. परंतु मग ही कसोटी कसोटीच राहत नाही. पुतण्या यशस्वी झाला तर रक्तामुळे, अयशस्वी झाला तर रक्ताअभावी, असे दोन्ही अंगांनी बोलता येणारा पुरावा हा पुरावा नव्हे.

त्यांच्या कोष्टकातील ३१ आणि ४८ हे आकडेही पुन्हा पाहण्याजोगे आहेत. पित्याचे मुलाशी जितके रक्ताचे नाते, तितकेच मुलाचे पित्याशी. मग नामवंतांचे पिते कमी नामवंत आणि मुलगे अधिक, असे का? मुलगे एकाहून अधिक असू शकतात, हे लक्षात घेऊनही हा प्रश्न विचारायला हवा. रक्ताचे नाते दोन्ही दिशांनी सारखे असते. शिफारस मात्र वरून खालीच जाते. मोठ्या माणसाचे नाव मुलाच्या कामी येते. त्याच्या वडिलांचे दिवस तोवर सरलेले असतात. एवढ्यावरून गाल्टन यांचा सिद्धान्त खोटा ठरतो असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याच आकड्यांतून उभा राहणारा हा प्रश्न त्यांना थांबवू शकला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

ख्रिस्तसभेविषयी या ग्रंथात आणखी एक आरोप आहे. गाल्टन यांच्या मते मध्ययुगात सौम्य प्रकृतीच्या, चिंतनशील, विद्याप्रेमी माणसांना मठाखेरीज आसरा नव्हता. आणि मठात ब्रह्मचर्य बंधनकारक होते. परिणामी उत्तम माणसे निःसंतान राहिली, रांगड्यांची प्रजा वाढली आणि युरोपचा वंश खालावला. आरोप ऐकण्यासारखा आहे. परंतु त्याला इतिहासाने जे उत्तर दिले, त्याची योजना एखाद्या कादंबरीकारानेही केली नसती.

गाल्टन यांचा जन्म ज्या १८२२ साली झाला, त्याच वर्षी आजच्या झेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात एका शेतकऱ्याच्या पोटी योहान मेंडेल यांचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यातच वडील अंगावर झाड पडून जायबंदी झाले. मुलाचे शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यासाठी ठेवलेल्या पैशांतील काही भाग भावाला दिला. पुढे १८४३ साली मेंडेल यांनी ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला आणि ग्रेगोर हे नाव घेतले. शिक्षकाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मठाने त्यांना बाजूला सारले नाही. उलट व्हिएन्ना येथे विद्यापीठात शिकायला पाठविले. परतल्यावर मठाच्या बागेत आठ वर्षे त्यांनी वाटाण्याच्या सुमारे २८,००० झाडांवर प्रयोग केले. गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे जातात याचे नियम त्यांनी १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनो येथील विद्वत्सभेत मांडले. गाल्टन यांचा पहिला लेख त्याच वर्षीचा. आनुवंशिकतेचा खरा नियम सापडला तो ज्या व्यवस्थेने युरोपची बुद्धी नष्ट केली असे गाल्टन म्हणत होते, तिच्याच आश्रयाला असलेल्या एका ब्रह्मचारी धर्मगुरूला. जगाने तो नियम ओळखला १९०० साली. तोवर मेंडेल यांना जाऊन सोळा वर्षे लोटली होती.

'नामवंत आप्त' या गाल्टन यांच्या कसोटीवर मेंडेल कुठे बसतात? पिता शेतकरी, आजे शेतकरी. गाल्टन यांच्या वंशावळीत दाखविण्याजोगे कुणी नाही. आणि गाल्टन विवाहित असूनही निःसंतान होते. हे आम्ही टोमणा म्हणून नमूद करीत नाही. माणूस मागे काय ठेवून जातो याची मोजदाद अपत्यांच्या संख्येने होत नाही, हे या दोन्ही आयुष्यांवरून सारखेच दिसते.

येथवर हा एका ग्रंथाच्या तर्कदोषाचा प्रश्न होता. पुढचा इतिहास मात्र ग्रंथालयापुरता राहिला नाही. १८८३ साली गाल्टन यांनी आपल्या विचाराला 'युजेनिक्स' हे नाव दिले. मराठीत त्याला सुप्रजाजननशास्त्र म्हणतात. १९०४ साली लंडन येथील व्याख्यानात त्यांनी हा विचार नव्या धर्माप्रमाणे राष्ट्राच्या मनात रुजविला पाहिजे, असे सांगितले. १९११ साली ते निवर्तले, तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात या विषयाचे अध्यासन स्थापन होण्यासाठी त्यांनी पैसा ठेवला होता.

बुद्धी मोजण्याचे साधनही तोवर तयार झाले होते. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य करता यावे म्हणून एक चाचणी रचली. बुद्धी ही जन्मजात आणि अचल वस्तू आहे या मताचा बिने यांनी निषेध केला होता. अमेरिकेत गेल्यावर मात्र त्या चाचणीचा उपयोग उलट झाला. हेन्री गोडार्ड आणि लुइस टर्मन यांच्या हाती ती जन्मजात लायकीची मोजपट्टी बनली. साहाय्य कुणाला हवे हे सांगणारे साधन नालायक कोण हे सांगू लागले.

याचा शेवट कसा झाला, हे कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात दिसते. ती व्हर्जिनिया राज्यातील गरीब घरची, परक्या कुटुंबात वाढलेली, अत्याचारातून माता झालेली. तिची आई मंदबुद्धी ठरविली गेली होती. तीही तशीच ठरविली गेली. काही महिन्यांच्या तिच्या मुलीकडे पाहून, हिच्यातही काहीतरी वेगळे दिसते, अशी साक्ष एका समाजसेविकेने दिली. एका तज्ज्ञाने कॅरीला न पाहताच तिच्याविषयी मत दिले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तिची सक्तीने नसबंदी करण्यास परवानगी दिली. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती पीअर्स बटलर हे कॅथलिक होते. त्यांनी आपल्या मताची कारणे लिहिली नाहीत. कॅरीची मुलगी व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नावही आले. १९३२ साली, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात वारली. त्या देशात अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. १९३३ च्या नाझी कायद्याने जर्मनीत ही संख्या सुमारे चार लाखांवर नेली. आणि १९३९ नंतर तेथे अपंगांची व मनोरुग्णांची हत्याच सुरू झाली.

या काळात ख्रिस्तसभा कुठे होती, असा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईल. ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी विवाहाविषयीच्या परिपत्रकात सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला. निरपराध माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा असा अधिकार नाही, असे सांगितले. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी १९४१ च्या ऑगस्टमध्ये व्यासपीठावरून अपंगांच्या हत्येला उघडपणे खून म्हटले. इंग्लंडमध्ये जी. के. चेस्टर्टन यांनी १९२२ साली या विचारावर एक घणाघाती पुस्तक लिहिले. सत्तेच्या हाती असा अधिकार गेला की तो गरिबावरच चालतो, हे त्यांनी अचूक ओळखले. परंतु गाल्टन यांच्या आकड्यांशी मात्र त्यांनी दोन हात केले नाहीत. अभिमानाबरोबर एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. बर्लिन येथे १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेतील सुप्रजाजनन विभागाचे प्रमुख हेर्मान मुकरमान हे पूर्वी येशूसंघात असलेले धर्मगुरू होते. विचाराची साथ पसरली, की ती कुणाचाही उंबरठा ओलांडते.

त्याच बर्लिनच्या संस्थेशी मराठी वाचकांचा एक खरा संबंध आहे. महर्षी कर्वे यांच्या स्नुषा इरावती कर्वे या १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होत्या. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. युरोपीय आणि अन्य वंशांत याबाबत भेद आढळेल, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वांशिक भेद आढळत नाही, असे लिहिले. परक्या देशात, स्वतःची पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच कल्पनेविरुद्ध, जे मोजले तेच सांगणे ही सोपी गोष्ट नव्हती. गाल्टन यांना पोपच्या पुतण्यांची मोजदाद करण्याचा जो कंटाळा आला, तो या मराठी विदुषीला आला नाही.

आपल्याकडे या विचाराचा आधार जातिभेदाच्या समर्थनासाठीही घेतला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये त्याचा समाचार घेतला. जातीबाहेर विवाह न करण्यामागे रक्तशुद्धीचे शास्त्र आहे असे घटकाभर मानले, तरी जातीबाहेर जेवायचे नाही हा निर्बंध कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. एकत्र जेवल्याने रक्तात काही मिसळत नाही. शास्त्राचे नाव घेऊन सांगितली जाणारी गोष्ट मुळात शास्त्रातून आलेलीच नाही, हे त्यांनी या एका प्रश्नाने दाखविले. गाल्टन यांच्या ग्रंथालाही हेच लागू पडते. निष्कर्ष त्यांच्या वर्गाच्या दिवाणखान्यात आधीच तयार होता. कोष्टके नंतर आली.

मग बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा मुळीच नाही का? तसे म्हणणेही सत्याला सोडून होईल. जुळ्यांच्या अभ्यासांतून आणि आधुनिक जनुकशास्त्रातून असा वाटा आहे हे दिसून आले आहे. परंतु वाटा असणे म्हणजे विधिलिखित असणे नव्हे. उंचीचे उदाहरण घ्यावे : उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, तरीही अन्न आणि आरोग्य सुधारताच अनेक देशांत सरासरी उंची वाढली. बुद्धिमापन चाचण्यांतील सरासरी गुणही विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखविले. एका पिढीत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि घर बदलतात. शिवाय असाधारण उंच आईबापांची मुले सरासरीकडे परततात, हा शोध पुढे स्वतः गाल्टन यांनीच लावला. तो शोध आज संख्याशास्त्राचा पाया आहे, आणि निवडक घराण्यांतूनच प्रतिभा वाहत राहील या त्यांच्या आशेला तोच सर्वांत मोठा अडसर ठरतो. १८९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथाच्या नावातील 'प्रतिभा' या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. शब्दाबद्दल वाटला तसा खेद त्यांना निष्कर्षाबद्दल वाटला नाही. २०२० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने आपल्या व्याख्यानगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले.

नाव काढल्याने प्रश्न मिटतो असे आम्हांला वाटत नाही. ग्रंथ वाचावा, आणि तो वाचताना पोपच्या पुतण्यांच्या परिच्छेदापाशी थोडे अधिक थांबावे. कारण ती घाई एकट्या गाल्टन यांची नाही. स्थळ पाहताना आपण 'घराणे कोणते' असे विचारतो. दहावीचा निकाल लागला की एखाद्या मुलाबद्दल 'त्याच्या बापालाही कुठे जमले होते' असे बोलून जातो. तेव्हा आपणही घराचा वारसा रक्ताच्या खात्यावर मांडत असतो.

मेंडेल यांच्या बहिणीचे काय झाले, हे सांगणे राहिले. भावाने तिचे ऋण विसरले नाही. तिचे मुलगे शिक्षणाला आले, तेव्हा त्यांच्या खर्चाचा भार मठातील मामाने उचलला, आणि त्यांच्यापैकी दोघे डॉक्टर झाले. गाल्टन यांच्या कोष्टकात ही नोंद 'नामवंत मामा, यशस्वी भाचे' अशी पडली असती आणि रक्ताचा आणखी एक पुरावा म्हणून मोजली गेली असती. एका मुलीने हुंड्यातून काढून दिलेल्या पैशांसाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत असे पैसे कुणी कुणाला दिले असतील आणि त्यावर कोण कोण शिकले असेल, याचा हिशेब ज्याचा त्याला ठाऊक आहे. तो एकदा आठवून पाहावा, आणि मगच 'खाण तशी माती' म्हणावे.